लाखाला उरलेलं पान

आमच्या लेकीचं, चैतालीचं, लग्न १९९६ सालच्या वैशाखात झालं, आणि त्याच वर्षी आषाढात माझी उजवी बाजू गेली. शेवंतीला पाणी देत होतो. पाण्याचा दांड फोडायला वाकलो तो तिथंच चिखलात पडलो. शुद्ध आली तेव्हा नाशिकच्या दवाखान्यात होतो. तोंड वाकडं झालं होतं आणि उजवा हात दुसऱ्याचा असल्यासारखा शेजारी पडला होता.

माझी बायको धोंडाबाई खाटेपाशी उभी होती. तिनं पदर डोक्यावर घेतला, त्र्यंबकेश्वराच्या दिशेला तोंड केलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, "त्र्यंबकराजा, माझा मालक आपल्या पायानं घराच्या दारातून आत आला तर तुला बेलाची लाख पानं वाहीन. बेलाला तीन पानं, ती तीन धरीन. पान न् पान मोजीन. ना एक कमी, ना एक जास्त. फिटंस्तोवर पायात चप्पल घालणार नाय."

आणि तिनं चप्पल काढून खाटेखाली सारली. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, हळू बोला." धोंडाबाई म्हणाली, "देव लांब हाय, बाई."

लाख म्हणजे किती, हे तेव्हा आम्हा दोघांनाही नीट ठाऊक नव्हतं. लाख म्हणजे पुष्कळ, एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोटांना काम द्या. काम म्हणजे काय, तर माझ्या सुनेनं, नवनाथच्या बायकोनं, माझ्या हातात पाटी दिली. शुभांगी दहावी झालेली. मी शाळेची पायरी चढलेलो नव्हतो, अंगठ्यावर साठीला आलो होतो. ती म्हणाली, "मामा, नुसत्या रेघोट्या ओढण्यापेक्षा ग ओढा. तेवढ्याच कष्टात साक्षर व्हाल."

"ह्या वयात?"

"मग काय, वय कमी व्हायची वाट बघायची?"

ग ला मला दहा दिवस लागले. आकडे मात्र लवकर आले. फुलांचा धंदा असल्यामुळं मोजणं तोंडात होतंच, फक्त ते हातात उतरायचं होतं. अक्षरांपेक्षा आकडे मला जास्त आवडले. अक्षराला सांगावं लागतं की तू अमुक आहेस. आकड्याला कुणी सांगावं लागत नाही, तो आपला आपण खरा असतो.

संक्रांतीच्या सुमाराला मी मळ्यातून काठी टेकत आलो आणि कुणाचा हात न धरता दारातून आत गेलो. धोंडाबाई चुलीपाशी होती. तिनं वर बघितलं, भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "येत्या श्रावणात वाहायचं."

श्रावण लागायच्या आधी शुभांगीनं पाटीवर हिशेब मांडला. धोंडाबाईचं म्हणणं असं की एकशेआठ पानांची एक माळ धरायची. देवाचं मोजायचं तर एकशेआठनंच मोजायचं, आमच्याकडं दुसरी रीत नाही. छत्तीस बेल घेतले की एकशेआठ पानं होतात, एक माळ झाली. डब्यात एक चिंचोका टाकायचा. शुभांगीनं लाखाला एकशेआठनं भागलं. इतका लांब भागाकार मी पहिल्यांदाच पाहिला. आकडे जिन्यानं उतरल्यासारखे खाली खाली आले.

"नऊशे पंचवीस माळा," ती म्हणाली, "आणि वर शंभर पानं."

"शंभर राहतात?" मी विचारलं.

"राहू द्या. शेवटच्या सोमवारी त्र्यंबकला जाऊन वाहतील आत्याबाई. लाखात शंभर म्हणजे काय."

आम्हाला सगळ्यांना ते पटलं. आमची चूक इथंच झाली. माळेला तीनचा भाग बिनबोभाट जात होता, म्हणून महिनाभर कुणाला काही दिसलं नाही.

बेल नवसाबाई आणायची. ती पेठ तालुक्यातल्या डोंगरातली. श्रावणात बेलाचे भारे घेऊन नाशिकच्या बाजारात यायची आणि आमच्या मळ्यातल्या विहिरीवर भारे भिजवून ठेवायची. धोंडाबाई पहाटे अंघोळ करून ओसरीत बसायची. भोक पडलेलं, किडकं, देठ मोडलेलं पान बाजूला जायचं. राहिलेला एकेक बेल बोटात धरून "तीन, सहा, नऊ, बारा" असं म्हणत ती टोपलीत टाकायची. मग टोपली डोक्यावर घेऊन आमच्या मखमलाबादच्या महादेवाला जायची, अनवाणी. डबा चिंचोक्यांनी भरत गेला. मी संध्याकाळी ते मोजायचो आणि पाटीवर लिहायचो. तोच माझा अभ्यास.

शेवटच्या सोमवारी आम्ही दोघं त्र्यंबकला गेलो. नऊशे पंचवीस माळा झालेल्या होत्या. वरच्या शंभर पानांचा बेल फडक्यात बांधून घेतला होता, थोडा जास्तीचाही होता. कुशावर्ताच्या कुंडावर पाय धुतले. पायरीवर बसून तिनं फडकं सोडलं आणि शेवटचं मोजायला लागली.

"...त्र्याण्णव, शहाण्णव, नव्व्याण्णव."

पुढचा बेल तिच्या बोटात होता. ती थांबली. मग सगळा बेल फडक्यात घेऊन पुन्हा पहिल्यापासून मोजला. पुन्हा नव्व्याण्णव. पुढचा बेल घेतला की एकशे दोन.

"आवं, शंभर येतच नाय हो."

मी मोजून पाहिलं. येत नव्हतं.

आमची पूजा सांगणारे गुरुजी जवळच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि हसले. "आजी, अजून एक बेल वाहा. लाख आणि वर दोन. देव काही पानं मोजत बसत नाही."

"देव नसंल मोजत. मी मोजते ना. ना एक जास्त, असं बोललेय मी."

"मग एक पान खुडून वाहा."

असं म्हणता म्हणता गुरुजींनीच जीभ चावली. मोडका बेल महादेवाला चालत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. तीन पानं एका देठावर असतील तरच तो बेल.

धोंडाबाईनं फडक्याची गाठ मारली. त्र्यंबकराजाला नुसते हात जोडले आणि शेवटचं काहीच न वाहता ती बस स्टँडकडं चालायला लागली. रस्ता तापला होता. मी म्हणालो, "अगं, चप्पल तरी घाल आता. एका पानाचा तर फरक."

"एका पानाचा फरक म्हंजे फरकच की हो," ती म्हणाली. "आणि त्या एकानं तुम्हाला पुन्हा खाली पाडलं तर?"

तिच्या लेखी माझा जीव त्या एका पानावर टांगलेला होता.

घरी आल्यावर शुभांगीनं कपाळाला हात लावला. "शंभराला तीननं भागायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही!" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मामा, तुम्ही तरी पाटी धरून बसला होता."

"मी बाराखडीतला विद्यार्थी. दहावी तू झालीस."

"दहावीत बेल नव्हता."

मला आधी वाटलं की दोष लाखाचा नाही, शंभराचा. म्हणून मी पुढचे आकडे घेतले. अंगणात फरशीवर कोळशानं मांडत बसायचो. हजाराला तीननं भागलं, एक उरला. दहा हजाराला, एक उरला. लाख, दहा लाख, कोटी, सगळ्यांना एकच उरला. शंभर कोटी मांडायला फरशी पुरली नाही, मी उंबऱ्यापर्यंत गेलो, तरी शेवटी एकच. दोनही नाही, शून्यही नाही.

हेच लाख दोनाला नीट जातं. चाराला, पाचाला, आठाला, सोळाला जातं. बत्तिसालाही जातं, हे मी तीन वेळा ताडून पाहिलं. एवढं मोठं असून इतक्या जणांत निमूट वाटलं जातं, आणि तिनापुढं मात्र ताठ उभं राहतं. काही केलं तरी आपला तो एक सोडत नाही. मला त्या आकड्याचा राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुक वाटायला लागलं.

का उरतो, ते समजायला दिवाळी उजाडली. एक दिवस शेवंतीची टोपली भरताना अचानक दिसलं. दहा म्हणजे नऊ आणि एक. शंभर म्हणजे नव्व्याण्णव आणि एक. हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव आणि एक. असंच लाखापर्यंत, आणि त्याच्याही पुढं. आणि नऊ कितीही ओळीनं लिहा, तीन जणांत तीन तीन वाटून जातात. शून्यं लावत गेलो की नऊ वाढतात, तो शेवटचा एक तिथंच राहतो. मी टोपली टाकून घरात गेलो आणि धोंडाबाईला हे सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे ते जमणारच नाय."

"नाय."

"कोटीचं बोलले असते तरी?"

"तरी एक उरलाच असता."

तिला हसू आलं. "लय खमक्या आकडा धरला म्हणायचा मी."

पण हसण्यासारखं नव्हतं. थंडीत गुलाबाची छाटणी निघाली आणि ती अनवाणी काट्यांत काम करत होती. पौषात टाचेत काटा मोडला, पिकला, पाय भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टर ओरडले. नवनाथ ओरडला. शुभांगी नवी चप्पल घेऊन आली आणि तिच्या पायाशी ठेवली.

"घाला, आत्याबाई. देवाला मी सांगते."

"तुझं कुठं ऐकतो तो? तुझं नवरा ऐकत नाय."

तिनं टाचेला फडकं गुंडाळलं, पण चप्पल घातली नाही. तेव्हा मला कळलं की हा आकडा मलाच सोडवला पाहिजे. नवस माझ्यासाठी, पाय तिचा.

वाट दाखवली ती नवसाबाईनं. शिवरात्रीला बेल घेऊन आली तेव्हा सगळी हकीकत ऐकून म्हणाली, "आमच्या रानात कधी कधी चार पानांचा बेल निघतो. पाच पानांचाबी. तसला तर देवाला जास्त मानाचा."

मी लगेच पाटी घेतली. शेवटच्या शंभरातले चार काढले तर शहाण्णव, म्हणजे नेमके बत्तीस बेल. चार पानांचा एक बेल मिळाला की काम झालं! देठ न मोडता लाख पुरं. धोंडाबाईनं नवसाबाईच्या पाठीवर हात ठेवला. "बाई, एवढं कर. माझा पाय तुझ्या हातात हाय."

नवसाबाईनं रान धुंडाळलं. चैत्रात जुना बेल झडला, वैशाखात नवी पालवी आली, आणि ज्येष्ठात ती दुपारच्या उन्हात धापा टाकत आमच्या अंगणात आली. पदराच्या गाठीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक बेल होता. सगळे भोवती गोळा झालो. तिनं फडकं उलगडलं. एका देठावर पाच पानं. इतका देखणा बेल मी जन्मात पाहिला नव्हता.

धोंडाबाईनं तो कपाळाला लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "उद्याच त्र्यंबकला जाऊ."

मी पाटीवर मांडलं. शंभरातून पाच गेले, पंचाण्णव. एकतीस बेलांचे त्र्याण्णव. वर दोन. पुसून पुन्हा मांडलं. पुन्हा वर दोन.

"काय झालं?" शुभांगीनं विचारलं.

"चाराचा पाहिजे होता. पाचानं भागत नाय. असे दोन असले तर दहा होतात, राहिले नव्वद, मग जमतं."

नवसाबाई मटकन खाली बसली. "दुसरा कुठून आणू? हा मिळायला जन्म गेला."

धोंडाबाईनं तो बेल तिच्या ओंजळीत परत ठेवला. "हा तुला घावला, तुझ्या हातानं वाह. माझ्यासाठी लय फिरलीस." आणि ती आत जाऊन भांडी घासायला बसली. भांडी आदळण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

मी फरशीवरून हललो नाही. एक लाखाला एक उरतो, ते पक्कं झालं होतं. मग दोन लाख मांडून पाहिलं. दोन उरले. असं का व्हावं, म्हणून पुन्हा पाहिलं. बरोबरच होतं, पहिल्या लाखाचा एक आणि दुसऱ्या लाखाचा एक. आणि मग कोळसा हातात धरून मी नुसता बसलो, कारण पुढचं मांडायची गरजच नव्हती. तिसऱ्या लाखाचा आणखी एक. तीन उरलेली पानं, आणि तीन पानांचा होतो एक बेल.

मी ओरडलोच. माझं तोंड अजून थोडं वाकडं होतं, ओरडलो की शब्द नीट निघत नसत. धोंडाबाई राखेच्या हातानं धावत आली, तिला वाटलं मला पुन्हा झटका आला.

"लाख तीनदा वाह," मी म्हणालो. "प्रत्येक लाखाचं एक पान पुढल्याला उसनं द्यायचं. तिसऱ्याला तिन्ही एकत्र येतात. कुठंच मोडावं लागत नाय."

तिनं फरशीवरचे आकडे बघितले. तिला वाचता येत नव्हतं, पण काय पाहिलं असेल ते असो, ती खूप वेळ बघत राहिली.

"एक लाख बोलले, तीन लाख वाहीन. तीनदा फिटंल. त्यात एकबी कमी नाय, एकबी जास्त नाय. खरं ना?"

"खरं."

"म्हंजे अजून दोन श्रावण." तिनं बोट माझ्यावर रोखलं. "ऐका मालक. तवर तुम्हाला मरायची मुभा नाय. मधेच गेलात तर माझा हिशेब मोडंल."

"आणि तू?"

"मला कुठं सवड हाय?"

शुभांगी दारातून म्हणाली, "आत्याबाई, दोन वर्षं अनवाणी?"

"गुलाबाच्या वावरात मी जाणार नाय. तिथं तू जा. तुझ्यापाशी चप्पल हाय."

अशी दोन वर्षं गेली. १९९८ च्या श्रावणात अर्धा महिना पाऊस इतका लागला की डोंगरातून भारे खाली येईनात. नवसाबाईचा नवरा काळू कमरेएवढ्या ओढ्यातून भारा डोक्यावर घेऊन आला. धोंडाबाईची मोजणी मात्र बदलली नाही. तीन, सहा, नऊ, बारा. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकायचो. कधी वाटायचं, ती देवाला बेल वाहत नाही, त्या आकड्यालाच एकेक पायरी बांधते आहे. मी आकडा लिहून दाखवू शकत होतो. ती तो हाताखालून घालवत होती, एकेक पान, आणि एवढ्या मोठ्या आकड्याला कुठंही घाई करत नव्हती. लाख म्हणजे किती, हे आमच्या गावात कुणाला खरंच कळलं असेल तर ते तिला.

१९९९ च्या श्रावणात, शेवटच्या सोमवारी, आम्ही पुन्हा त्र्यंबकला गेलो. या वेळी शुभांगी आणि नवसाबाईही बरोबर होत्या. तिन्ही श्रावण मिळून दोन हजार सातशे सत्त्याहत्तर माळा झाल्या होत्या आणि वर चौऱ्याऐंशी पानं राहिली होती. चौऱ्याऐंशी म्हणजे अठ्ठावीस बेल, एक पान इकडं नाही, तिकडं नाही.

तिनं त्याच पायरीवर बसून मोजलं. "...अठ्ठ्याहत्तर, एक्याऐंशी, चौऱ्याऐंशी." फडकं रिकामं झालं. तिनं ते झटकून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

गुरुजींनी बेल वाहून घेतला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "आजी, आम्ही बेल एक धरतो, त्याची तीन पानं वेगळी मोजत नाही. तुमची तीन लाख पानं म्हणजे आमच्या मोजणीनं नेमका एक लाख बेल झाला. दोन्हीकडून लाख."

धोंडाबाईनं मला विचारलं, "हे तुम्हाला म्हाईत होतं?"

मला नव्हतं. इतकी वर्षं तो आकडा मांडला आणि हे डोळ्यासमोर असून दिसलं नव्हतं. मी देवळाच्या आवारात उभा राहून मनातल्या मनात तीन लाखाला तीननं भागलं आणि मला इतका आनंद झाला की काठी हातातून सुटली.

शुभांगीनं पिशवीतून चप्पल काढली. धोंडाबाईच्या पायाला ती बसेना, तळवे रुंद झाले होते. बाजारात जाऊन एक आकडा मोठी घेतली. ती घालून ती लहान मुलासारखी दोन पावलं चालली, थांबली, आणि म्हणाली, "चावते हो ही."

पुढं मी वाचायला शिकलो, वर्तमानपत्र रोज वाचतो. धोंडाबाई कधी शिकली नाही. पण गावातल्या पोरी शाळेचं गणित घेऊन ओसरीत यायच्या, तेव्हा ती त्यांना विचारायची, "लाखाला तीननं भागलं तर काय होतं, सांगा बरं." आणि पोरी पाटीवर मांडायला लागल्या की हातातलं काम सोडून उत्तर येईपर्यंत बघत बसायची.

मला पुन्हा झटका आला नाही. धोंडाबाई २००६ सालच्या माघात, आठ दिवसांच्या तापानं, मखमलाबादच्या घरी वारली.